व्हिप कुठे लागतो आणि कुठे लागत नाही

[पडद्यावर: सिव्हिल लाइन्स, विधान भवन, नागपूर]

नमस्कार. डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन भरतं आणि एक प्रश्न हमखास कानावर येतो. "आमच्या आमदाराला हे विधेयक पटत नव्हतं, तर त्यानं विरोधात मत का नाही दिलं?" उत्तर एका शब्दात मिळतं: व्हिप. पुष्कळदा ते उत्तर बरोबर असतं. पण कधी कधी व्हिप लागूच नसतो, तरी त्याची आड घेतली जाते. हे दोन प्रसंग वेगळे ओळखता आले पाहिजेत.

आधी शब्द. प्रतोद म्हणजे माणूस आणि पक्षादेश म्हणजे त्यानं काढलेला आदेश. बोलताना दोघांनाही आपण व्हिपच म्हणतो. आदेशाखाली एक रेघ असेल तर मतदान आहे एवढंच कळवलेलं असतं. दोन रेघा म्हणजे हजर राहा. तीन रेघा म्हणजे हजर राहा आणि पक्ष सांगेल तसंच मत द्या.

हा आदेश मोडला तर आमदारकी का जाते? राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीमुळे. १९६७ मध्ये हरियाणात गया लाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि 'आयाराम गयाराम' हा शब्द देशभर गेला. तरीही कायदा यायला १९८५ उजाडलं, ५२ वी घटनादुरुस्ती. तिच्यानुसार अपात्र ठरायचे मुख्य मार्ग दोन.

पहिला, स्वतःहून पक्षाचं सदस्यत्व सोडणं. इथे राजीनामा लिहूनच दिला पाहिजे असं नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९४ मध्ये रवी नाईक प्रकरणात सांगितलं की वागण्यावरूनही सदस्यत्व सोडल्याचा निष्कर्ष काढता येतो.

दुसरा, सभागृहात पक्षादेशाविरुद्ध मत देणं किंवा मत न देणं. "मत न देणं" हे नीट ऐका. तटस्थ राहिलं की सुटलो, हा समज चुकीचा आहे. सुटका होते ती आधी परवानगी घेतली असेल तर, किंवा पक्षानं १५ दिवसांत ते माफ केलं तर.

आता कुठे लागत नाही ते. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत नाही. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते, २००३ पासून तसा नियम आहे. पण तिथे पक्षाबाहेरच्या उमेदवाराला मत दिलं म्हणून दहावी अनुसूची लागत नाही. पक्ष त्याला काढून टाकेल, आमदारकी मात्र राहते. आणि तिसरी जागा, जी आपल्या सगळ्यांच्या नजरेतून सुटते: समिती. अनुसूचीचे शब्द 'सभागृहात' मतदान करण्याबद्दल आहेत. विधेयक संयुक्त समितीकडे गेलं की तिथे आमदार आपल्या पक्षापेक्षा वेगळं बोलला, त्यानं भिन्नमतपत्रिका, म्हणजे आपला विरोध लिहिलेला कागद, अहवालाला जोडली, तर या कलमानं त्याची आमदारकी जात नाही.

[पडद्यावर: ५५ आमदारांचे दोन तृतीयांश = ३७]

या कायद्याचं सगळ्यात मोठं भगदाड आकड्यात आहे. एकटा आमदार फुटला तर अपात्र. दोन तृतीयांश आमदारांनी दुसऱ्या पक्षातलं विलीनीकरण मान्य केलं तर संरक्षण. ५५ आमदारांच्या पक्षात तो आकडा ३७ होतो. मूळ कायद्यात 'फूट' म्हणून एक तृतीयांशही चालायचे, म्हणजे १९ पुरे होते. ते कलम २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनं काढलं. त्याच दुरुस्तीनं मंत्र्यांची संख्याही १५ टक्क्यांवर बांधली. २८८ च्या विधानसभेत मुख्यमंत्री धरून ४३. मंत्रिपदं वाटून फोडाफोडी करण्याला तेवढा तरी लगाम बसला.

अपात्रतेचा निर्णय करतात अध्यक्ष. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं साधारण तीन महिन्यांत निकाल द्यावा असं म्हटलं. महाराष्ट्रात २०२२ च्या जूनमध्ये सुरू झालेल्या शिवसेना फुटीच्या प्रकरणाचा अध्यक्षांचा निकाल १० जानेवारी २०२४ ला आला. मधल्या काळात, ११ मे २०२३ ला, न्यायालयानं एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट केली: प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा, म्हणजे नुसत्या आमदारांच्या गटाचा, नाही.

पक्ष बदलणं हाच मुळात गुन्हा, असं मात्र समजू नका. बनवारीलाल पुरोहित नागपुरातून १९८४ आणि १९८९ ला काँग्रेसकडून, आणि १९९६ ला भाजपकडून लोकसभेवर गेले. नवं चिन्ह घेऊन मतदारांपुढे उभं राहिलं तर कायद्याची हरकत नाही. हरकत आहे ती एका चिन्हावर मतं घेऊन मधेच दुसरीकडे बसण्याला.

खरा मतभेद आहे तो सरकारच्या ताकदीबद्दल. एक बाजू म्हणते, व्हिप सैल केला तर सरकार दर अधिवेशनात पडेल. दुसरी म्हणते, व्हिप घट्ट असला की आमदार सरकारवर अंकुश ठेवूच शकत नाही. मंत्रिमंडळानं ठरवलं, सभागृहानं हात वर केला. मला दुसरी बाजू जास्त पटते, पण पहिलीची भीती खोटी नाही. म्हणून १९९० च्या दिनेश गोस्वामी समितीची शिफारस मला योग्य वाटते: आदेश मोडल्याबद्दलची अपात्रता विश्वास-अविश्वास ठराव, धनविधेयक आणि राज्यपालांच्या अभिभाषणावरचा आभार ठराव एवढ्यापुरती ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या किहोटो होलोहान निकालातही हाच सूर आहे: आदेश सरकारच्या अस्तित्वाशी किंवा पक्षाच्या मुख्य धोरणाशी निगडित मतदानापुरता असावा.

आता नागपूरचंच उदाहरण घेऊ. कडव्या डाव्या संघटनांवर कारवाईसाठीचं जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये इथे मांडलं गेलं आणि संयुक्त समितीकडे गेलं. चंद्रशेखर बावनकुळे समितीचे प्रमुख, सदस्यांत विरोधी पक्षाचेही आमदार. लोकांच्या १२ हजारांहून अधिक सूचना आल्या. तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे, असे काही बदलही झाले. पण समितीत एकाही सदस्यानं भिन्नमत नोंदवलं नाही. पक्षांतराचा धाक जिथे पोचत नाही, तिथेही कागद कोरा राहिला. पुढे १० जुलै २०२५ ला विधानसभेत विधेयक आवाजी मतदानानं मंजूर झालं; विरोध केला तो माकपच्या एकट्या आमदारानं. तुमच्या आमदाराचं नाव कोणत्या बाजूला होतं, हे आवाजी मतदानातून कधीच कळत नाही.

म्हणून मतविभाजन, म्हणजे कोणी कोणत्या बाजूनं मत दिलं याची मोजणी, महत्त्वाचं. ते मागायचं असेल तर अध्यक्षांनी 'मंजूर' म्हणताक्षणीच मागावं लागतं. १२ नोव्हेंबर २०१४ ला फडणवीस सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर विरोधकांनी मागणी केली, तोवर अध्यक्ष पुढच्या कामाकडे वळले होते. ४ जुलै २०२२ ला शिंदे सरकारच्या ठरावावर मात्र शिरगणती झाली, १६४ विरुद्ध ९९, आणि कोण कुठे उभं राहिलं ते सगळ्यांनी पाहिलं.

तुम्ही काय कराल? विधेयक समितीकडे गेलं की सूचनांची मुदत पाहा. सूचना "विधेयक रद्द करा" एवढीच लिहिली तर तिचं काही होत नाही. खंड (विधेयकातलं कलम) क्रमांक लिहा, आहे तो मजकूर उतरवा, खाली तुमचा पर्यायी मजकूर द्या आणि कारण दोन-तीन ओळींत. तीच प्रत तुमच्या आमदाराला द्या, सोबत एकच प्रश्न विचारा: या खंडावर तुम्ही मतविभाजन मागणार आहात का? उत्तर लेखी मागा, आणि अधिवेशन सुरू व्हायच्या आधी मागा.