वर्गात डिजिटल बॅज देताय? आधी एवढं ऐका

नमस्कार! शाळेत, क्लासमध्ये किंवा ऑनलाइन कोर्समध्ये मुलांना डिजिटल बॅज, म्हणजे शाबासकी म्हणून स्क्रीनवर मिळणारं बिल्ल्यासारखं चित्र, द्यावेत का, असं बरेच शिक्षक विचारतात. माझं उत्तर सुरुवातीलाच सांगते. मुलाला नेमकं काय करता येतं हे बॅजवर लिहिलेलं असेल आणि त्याचा पुरावा सोबत जोडलेला असेल, तर जरूर द्या. नुसतं चमकणारं चित्र द्यायचं असेल तर देऊ नका, कारण त्याने नुकसान होऊ शकतं.

नुकसान का म्हणते, ते बघू.

(स्क्रीनवर: 1973, स्टॅनफर्ड)

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. त्यांनी तीन ते पाच वर्षांची अशी मुलं निवडली, ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडत होतं. त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला आधीच सांगितलं, 'चित्र काढलंस तर तुला बक्षीस मिळेल.' बक्षीस म्हणजे सोनेरी चांदणी आणि रिबन लावलेलं एक कार्ड, त्यावर मुलाचं नाव. आजच्या बॅजसारखंच. दुसऱ्या गटाला तेच कार्ड मिळालं, पण आधी काही न सांगता, चित्र काढून झाल्यावर. तिसऱ्या गटाला काहीच नाही.

एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा स्केचपेन ठेवले आणि कोण आपणहून चित्रं काढतंय ते लपून पाहिलं. ज्यांना आधी बक्षीस कबूल केलं होतं, ती मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्मा वेळच चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र कमी झाली नव्हती.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कार्ड तेच, चांदणी तीच. फरक पडला तो 'हे केलंस तर ते मिळेल' या कबुलीने. आवडीचं काम मुलाच्या मनात बक्षिसासाठीचं काम झालं आणि बक्षीस संपल्यावर कामाचं कारणच उरलं नाही.

पुढे 1999मध्ये एडवर्ड डेसी, रिचर्ड कोस्टनर आणि रिचर्ड रायन यांनी अशा 128 प्रयोगांचा एकत्र अभ्यास केला. आधी कबूल केलेल्या वस्तुरूप बक्षिसांनी आतली आवड कमी होते, हेच त्यातही दिसलं. तोंडी शाबासकीचा परिणाम चांगला दिसला, पण तो कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर. लहान मुलांवर तितका नाही. म्हणून पहिली-दुसरीच्या वर्गात बॅज आणताना जास्त जपायला हवं.

याचा अर्थ बक्षीस कधीच देऊ नये असा नाही. ज्या कामाची मुलाला मुळात गोडीच नाही, तिथे हरवायला आवड नसते. पाढ्यांना हातच न लावणाऱ्या मुलाला पहिल्या पायरीवर आणायला छोटं आमिष चालू शकतं. पण जे मूल आपणहून गोष्टीची पुस्तकं वाचतंय, त्याच्यासमोर 'दहा पुस्तकं वाच, बॅज मिळव' अशी पाटी लावू नका. मनापासून सांगते, त्या मुलाला वाचू द्या.

आता बॅज म्हणजे तांत्रिकदृष्ट्या काय, ते थोडक्यात. 2011मध्ये फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने मॅकआर्थर फाउंडेशन या अमेरिकेतल्या देणगी संस्थेच्या साथीने ओपन बॅजेस या प्रकल्पाची घोषणा केली आणि 2013मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. दिसायला ते एक चित्र असतं, पण त्या चित्राच्या फाइलमध्येच माहिती भरलेली असते: कोणी दिला, कोणाला दिला, कधी दिला, कोणत्या निकषावर दिला आणि पुरावा कुठे आहे. बघणाऱ्याला ती माहिती उघडता येते आणि बॅज खरा आहे का, हे तपासता येतं. कोविन प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की लसीची नोंद खरी आहे का ते कळायचं, तसंच. 2017पासून ओपन बॅजेसच्या मानकाची, म्हणजे बॅज कसा बनवायचा याच्या ठरलेल्या नियमांची, देखभाल आज वनएडटेक या नावाने ओळखली जाणारी संस्था करते.

त्या यादीतल्या दोन गोष्टींवर बोट ठेवते: निकष आणि पुरावा. बॅजची सगळी किंमत तिथे आहे, आणि बहुतेक जण नेमक्या याच दोन जागा रिकाम्या सोडतात.

2020चा लॉकडाउन आठवा. शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सतत लिंक यायच्या, 'प्रश्नमंजुषा सोडवा, ई-प्रमाणपत्र मिळवा.' गूगल फॉर्म, थोडे प्रश्न, सबमिट केलं की ईमेलवर रंगीत प्रमाणपत्र. शाळा बंद असताना मुलांना काहीतरी द्यावं ही तळमळ खरी होती, तिचा मला आदर आहे. पण त्यातलं एखादं प्रमाणपत्र आज उघडून बघा. नाव आहे, तारीख आहे, 'सहभागाबद्दल अभिनंदन' आहे. त्या मुलाला किंवा त्या शिक्षकाला काय येतं, हे कुठेच नाही. आणि सगळ्यांकडे तशी ढीगभर झाल्यावर एकाचीही किंमत राहिली नाही.

याउलट आपल्याकडची एलिमेंटरी-इंटरमीजिएटची चित्रकला परीक्षा घ्या. 'इंटरमीजिएटला ए ग्रेड' म्हटलं की महाराष्ट्रातल्या कुठल्याही चित्रकला शिक्षकाला अंदाज येतो, कारण स्मरणचित्र, संकल्पचित्र हे विषय ठरलेले आहेत आणि परीक्षा राज्यभर एकच आहे. तिथे निकष पक्का आहे. पण चित्र कसं होतं, हे त्या प्रमाणपत्रावरून दिसत नाही. ते डिजिटल बॅज दाखवू शकतो: ग्रेडसोबत प्रत्यक्ष चित्र.

चौथीच्या वर्गासाठी एक बॅज करून बघू.

(स्क्रीनवर दोन बॅज शेजारी शेजारी)

डावीकडचा बॅज: 'गणित सुपरस्टार'. यातून आईला काय कळलं? पुढच्या वर्षीच्या बाईंना काय कळलं? आणि ज्या मुलाला तो मिळाला नाही, त्याने नेमकं काय करायचं?

उजवीकडचा: 'तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागते आणि गुणाकार करून उत्तर स्वतः पडताळते.' पुरावा म्हणून वहीच्या पानाचा फोटो आणि मुलीच्या आवाजात एक मिनिटाचं रेकॉर्डिंग, ज्यात ती सांगते की बाकी उरली तर तिचं काय करायचं. हे रेकॉर्डिंग मला फोटोपेक्षाही मोलाचं वाटतं. वहीतलं उत्तर शेजारच्याचं असू शकतं, समजावून सांगणं उसनं आणता येत नाही.

मूडल, म्हणजे ऑनलाइन वर्ग चालवण्याची प्रणाली, वापरत असाल तर 2013च्या 2.5 आवृत्तीपासून त्यात बॅजची सोय आहे. क्विझ पूर्ण झाली की बॅज आपोआप जाईल असं करता येतं, किंवा शिक्षकाने स्वतः बघून द्यायचा असंही ठेवता येतं. कौशल्याच्या बॅजसाठी दुसरा मार्ग घ्या. वेळ जास्त लागतो, पण मुलाचं काम कोणीतरी नीट पाहिलं, हीच तर खरी दाद आहे. मूडल नसेल तर एक चित्र आणि ड्राइव्हमधल्या पुराव्याची लिंक एवढ्यावरही काम होतं. ते तपासता येण्याजोगं ओपन बॅज होणार नाही, पण वर्गापुरतं आणि पालकांपुरतं पुरेसं आहे.

किती बॅज ठेवायचे? थोडे. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरचा एक अभ्यास 2013मध्ये आला. ठरावीक संख्येने मतं दिली की तिथे बॅज मिळतो. बॅज जवळ आला की लोक झपाट्याने मतं द्यायला लागायचे आणि तो मिळाल्यावर वेग खाली यायचा. मोजणीवर बॅज ठेवला की माणूस मोजणीच पूर्ण करतो. म्हणून 'वीस व्हिडिओ पाहिले', 'तीस दिवस लॉगिन केलं' असले बॅज मी ठेवणार नाही.

गुणतक्ता, म्हणजे कोणाकडे किती बॅज याची वर्गात लावलेली क्रमवारी, तीही नको. 2015मध्ये मायकेल हानस आणि जेसी फॉक्स यांनी कॉलेजच्या दोन वर्गांची तुलना प्रसिद्ध केली. बॅज आणि क्रमवारी असलेल्या वर्गात सत्र पुढे सरकलं तशी विद्यार्थ्यांची आवड आणि समाधान दुसऱ्या वर्गापेक्षा कमी होत गेलं. तिथे दोन्ही गोष्टी एकत्र होत्या, त्यामुळे दोष कोणाचा किती हे त्यातून वेगळं काढता येत नाही. तरी तळाला आपलं नाव रोज वाचणाऱ्या मुलाचा विचार करा आणि तो तक्ता भिंतीवरून काढा.

आणखी एक, हे विसरू नका. फोटो, आवाज आणि नाव ही मुलाची वैयक्तिक माहिती आहे. 2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती घेण्याची तरतूद आहे. मुलांचे बॅज फेसबुकवर टाकू नका. लिंक पालकांना आणि शाळेपुरती उघडी ठेवा, बस्स.

सुरुवात करायची असेल तर या आठवड्यात एकच बॅज लिहा, मुलांना आधी घोषणा न करता. निकषाचं वाक्य झालं की ते वर्गातल्या एखाद्या मुलीला वाचायला द्या आणि विचारा, 'हे तुला करून दाखवायचं असेल तर काय करशील?' तिला सांगता आलं नाही, तर वाक्य बदला आणि पुन्हा तिलाच दाखवा. मूडलमध्ये तो निकष कुठे भरायचा, ते पुढच्या व्हिडिओत स्क्रीनवर करून दाखवते.