सरहद्दीवरचं वांगं

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ऑस्ट्रेलियातल्या अशा गाणाऱ्यांबद्दल, ज्यांच्या पाठीशी कुठलीही बडी रेकॉर्ड कंपनी नाही. गाणं स्वतः लिहायचं, पदरचे पैसे घालून रेकॉर्ड करायचं आणि गाडीत टाकून गावोगावी स्वतःच पोचवायचं. यांना तिकडे इंडी म्हणतात. माझ्याकडे मिनिटं दहाच आहेत आणि मला एका वांग्याची गोष्ट सांगायचीच आहे, त्यामुळे सुरुवातीचं जरा भरभर ऐका.

पहिली गोष्ट अंतराची. ऑस्ट्रेलिया म्हणजे पंचवीस महाराष्ट्र. त्यात माणसं पावणेतीन कोटींच्या आसपास, आणि तीही बहुतेक किनाऱ्यावरच्या चार-पाच शहरांत दाटलेली. मधे काय? मधे रस्ता. ॲडलेडहून पर्थला मोटारीनं जायचं तर २,७०० किलोमीटर. मुंबईहून दिल्लीला जा आणि परत या, जवळपास तेवढं. म्हणजे पर्थमध्ये एक शनिवार गायचं तर वाटेतलं प्रत्येक गाव, प्रत्येक पब पदरात पाडून घ्यावा लागतो. नाहीतर पेट्रोलच निघत नाही. अंतर लक्षात ठेवा, मंडळी. या लोकांचं सगळं गणित अंतराचं आहे.

द वेफ्स या बँडचं नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ऑल्बनीकडच्या दोघी बहिणी, डॉना आणि विकी सिम्प्सन. १९९२ साली व्हॅन घेऊन निघाल्या, पबांमधून गायला लागल्या. ब्रूममध्ये जॉश कनिंगहॅम हा गिटारवाला भेटला, त्यालाही गाडीत घेतलं. दहा-अकरा वर्षं अशी रस्त्यावर काढल्यावर २००३ साली बॉब डिलनच्या दौऱ्यात त्याच्या आधी गायची संधी मिळाली. दहा-अकरा वर्षं! आणि रेकॉर्ड कंपनी? ती त्यांनी जॉन बटलरच्या साथीनं घरचीच काढली. हा बटलर पर्थजवळच्या फ्रीमँटलच्या फुटपाथवर गिटार वाजवून कॅसेट विकायचा. २००४ साली त्याचा अल्बम थेट देशात पहिल्या नंबरावर गेला.

गायिका कोर्टनी बार्नेटनं २०१२ साली मेलबर्नमध्ये आपलं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, सुरू केली ती आजीकडून पैसे उसने घेऊन. टोन्स अँड आय ही मुलगी बायरन बेच्या रस्त्यावर कीबोर्ड मांडून गायची. २०१९ साली आलेलं तिचं ‘डान्स मंकी’ ऑस्ट्रेलियात २४ आठवडे पहिल्या नंबरावर होतं. आणि गुरुमुल. एल्को बेटावरचा, जन्मापासून अंध, उजव्या हाताची गिटार उलटी धरून डाव्या हातानं वाजवणारा, आपल्या योल्ङू भाषेत गाणारा. डार्विनच्या एका छोट्या लेबलनं त्याला जगापुढे आणलं. २०१७ साली तो गेला, आणि पुढच्या वर्षी आलेला त्याचा अल्बम पहिल्या नंबरावर गेला. तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषांतला अल्बम वर पोचायची ती पहिलीच वेळ. गुरुमुलवर एकदा वेगळं बोलेन, त्याला असं घाईत उरकणं बरं नाही.

आता वांगं.

दहा-बारा वर्षांपूर्वी आम्ही ॲडलेडचं घर मोडून पर्थला निघालो होतो. मी, नवरा आणि मागच्या सीटवर छतापर्यंत डबे. जुलै महिना, म्हणजे तिकडे थंडी. नलार्बोरच्या माळावर झाड नाही. नावाचाच अर्थ तो, लॅटिनमध्ये ‘झाड नाही’. संध्याकाळी नलार्बोर रोडहाउसला मुक्काम केला. पेट्रोलपंप, खोल्या, आणि भोवती वारा. (तिथल्या कॉफीबद्दल मी काही बोलणार नाही. प्रवासात चहाची पूड आपली आपण न्यावी, एवढंच.)

आणि तिथे मला कळलं की पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याच्या सरहद्दीवर तपासणी असते. बाहेरची कीड आत येऊ नये म्हणून फळं, भाज्या, मध, सगळं काढून घेतात. माझ्याकडे होते तीन किलो कांदे आणि एक पिशवी बटाटे. निघायच्या आदल्या दिवशी घेतलेले! नवरा म्हणाला, “टाकून दे.” मी म्हटलं, कांदा टाकायला मला आईनं शिकवलेलं नाही.

गॅसची शेगडी काढली, बेसन होतंच. उघड्यावर, मोटारीच्या आडोशाला कांदाभजी सुरू केली. वास कुठवर गेला असेल बघा, दोन गाड्या सोडून उभ्या असलेल्या एका जुनाट व्हॅनमधून एक पोरगी ब्लँकेट पांघरून आली. मागून तिचा जोडीदार. ती गाणारी, तो ताल धरणारा. दोघंच. सेदूनाला पबमध्ये गाऊन आले होते, पुढे एस्पेरन्स, मग फ्रीमँटल.

तिच्या हातात मधाची बरणी होती. म्हणाली, हाही उद्या काढून घेणार, तुमच्याकडे ब्रेड आहे का? तिचा घसा बसलेला, रोज रात्री गरम पाण्यात मध घ्यायची. मग काय, एकीकडे माझे कांदे संपवायचे, दुसरीकडे तिचा मध. भजी मधात बुडवून खाणारी माणसं मी त्या रात्री पाहिली. सांगून उपयोग नव्हता.

खाता खाता तिनं वही दाखवली. डाव्या पानावर पेट्रोल, उजव्या पानावर टी-टॉवेल. हो, टी-टॉवेल, भांडी पुसायचं फडकं! त्यावर बँडचं नाव आणि तिनं काढलेलं पक्ष्याचं चित्र. वीस डॉलर. शिवाय बिअरची बाटली गार ठेवायचे ते स्पंजचे स्टबी होल्डर. मी विचारलं, आणि गाणी? ती हसली. म्हणाली, गाणं लोक फोनवर ऐकतात, त्याचे सेंट येतात. फडकं मात्र घरी न्यावं लागतं. पबवाला देतो ते पेट्रोलमध्ये जातं, फडक्यांवर आम्ही जेवतो. प्रत्येक ठिकाणी कुठली गाणी गायली त्याची यादीही ती लिहून ठेवायची. आप्रा या गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेकडे ती पाठवली की स्वतःच्या गाण्यांची थोडी रॉयल्टी मिळते. म्हणजे पुन्हा तेच: गाणं जोडतं, फडकं पोसतं.

इथे एक मनातलं बोलून घेते. आपल्या मंडळींना कलाकारानं पैशाचं विचारलं की एकदम शाल आठवते. शाल, श्रीफळ, आणि “घरचंच कार्य आहे.” श्रीफळ घालून गाडी चालत नाही हो. असो.

त्या रात्री तिनं एक नवं गाणं म्हटलं. घसा बसलेला, त्यामुळे जवळजवळ बोलल्यासारखं. चार कडवी होती. तिसरं कडवं आलं तसा नवरा शेगडी बंद करायला उठला. तिनं ते पाहिलं आणि वहीत काहीतरी खूण केली.

सकाळी दोन्ही गाड्या मागेपुढे निघाल्या. सरहद्दीवर घड्याळ पाऊण तास मागे करायचं असतं. अर्धा नाही, एक नाही, पाऊण! तपासनीस आला. जाड मिशा, हातमोजे. आमची मोटार डबा डबा उघडून पाहिली. कांदा नाही, बटाटा नाही. ज्येष्ठमधाच्या पुडीवर अडला. मी म्हटलं, घशाचं औषध आहे. बरं झालं त्याला मराठी येत नव्हतं, नाहीतर ज्येष्ठमधातला ‘मध’ काढून घेतला असता. पुडी सुटली. तीच मी मग गाणारीला दिली.

मग व्हॅन. “फळं, भाज्या, मध?” पोरगी छाती पुढे काढून म्हणाली, “काहीही नाही.” त्यानं तालवाल्याची झोळी उघडली आणि आत हात घातला.

केळं निघालं.

पोरीचा चेहरा पाहण्यासारखा. त्यानं पुन्हा हात घातला. लिंबू. मग संत्रं. आणि शेवटी, मंडळी, जांभळं चकचकीत वांगं. सगळं ओळीनं बॉनेटवर मांडलं. तालवाला काहीतरी सांगायला बघतोय, तपासनीस हात वर करून त्याला थांबवतोय. मग त्यानं वांगं उचललं, बोटानं दाबलं, कानाशी नेलं आणि हलवलं. छुक्. छुक्छुक्.

प्लॅस्टिकची होती हो सगळी! आत दाणे भरलेले, वाजवायचे खुळखुळे.

हा माणूस हसला असेल असं तुम्हाला वाटतं? मुळीच नाही. तोंडावरची सुरकुती न हलवता त्यानं वांग्यावर आठ मात्रा वाजवल्या. अगदी लयीत. केळं उचललं, ते वाजवून पाहिलं, नापसंतीनं खाली ठेवलं. म्हणाला, “वांगं बरं आहे.” आणि फाटक उघडलं.

आठवड्यानं फ्रीमँटलला आम्ही त्यांना ऐकायला गेलो. साठेक माणसं असतील. घसा सुटला होता. नवं गाणं शेवटी म्हटलं, आणि आता त्यात कडवी तीनच होती. नवऱ्याला मी कोपर मारलं. त्याला अजूनही पटत नाही की ते त्याच्यामुळे झालं. कार्यक्रमानंतर ती दोघं टेबल मांडून बसली. मी टी-टॉवेल घेतलं, अजून माझ्या ओट्यापाशी टांगलेलं आहे, पक्षी पुसट झालाय.

मी विचारलं, आज वांगं दिसलं नाही कुठे? दोघं एकमेकांकडे बघायला लागले. एस्पेरन्सला ते चुकून फडक्यांच्या टेबलावर राहिलं होतं. एका आजीबाईंनी उचललं, कानाशी हलवलं, वीस डॉलर ठेवले आणि पर्समध्ये घालून चालत्या झाल्या. त्या रात्री सगळ्यात आधी तेच विकलं गेलं.

काचेपलीकडून मला खुणा होतायत, बातम्यांची वेळ झाली. नमस्कार.