बिंदू चौक ते शिवाजी चौक

(दृश्य: बिंदू चौक, सकाळची वर्दळ)

कोल्हापूरच्या बिंदू चौकातले हे दोन पुतळे. महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर. 1950 साली, बाबासाहेब हयात असताना ते इथं उभे राहिले. चौकातच कम्युनिस्ट पक्षाचं कार्यालय. मोर्चा ऊसदराचा असो की पाण्याचा, शेतकरी कामगार पक्षाचा, म्हणजे शेकापचा, लाल बावटा त्यात असायचाच. 1902 साली शाहू महाराजांनी नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी 50 टक्के जागा राखल्या. त्या गावाला ‘पुरोगामी’ हे बिरुद कुणाकडून मागून घ्यावं लागलं नाही.

इथून शिवाजी चौक चालत काही मिनिटांवर. कोल्हापूरचं राजकारण मात्र तेवढ्यात पार बदललेलं दिसतं.

(दृश्य: शिवाजी चौक)

7 जून 2023. मोबाइलवरच्या आक्षेपार्ह स्टेटसवरून हिंदुत्ववादी संघटनांनी बंद पुकारला. याच परिसरात हजारोंचा जमाव. दगडफेक झाली, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, इंटरनेट बंद झालं. वर्षभरानं, 14 जुलै 2024 ला, विशाळगडाच्या अतिक्रमणाचा विषय पेटला आणि पायथ्याच्या गजापुरात मुस्लिमांच्या घरांची, मशिदीची तोडफोड झाली. दोन्ही वेळी घोषणा होती ती शिवरायांच्या नावाची.

आणि शिवराय तर डाव्यांनीही गावोगाव सांगितले होते! कॉम्रेड गोविंद पानसरे यांनी ‘शिवाजी कोण होता?’ या छोट्या पुस्तिकेतून रयतेचा राजा घराघरांत नेला. 16 फेब्रुवारी 2015 ला सकाळी फिरून परतताना त्यांच्यावर आणि पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी पानसरे गेले. निषेधाचे मोर्चे मोठे निघाले. पण ती व्याख्यानं त्यांच्या तोडीनं पुढं कोण देत राहिलं?

(दृश्य: पेठेतली तालीम, गणेशोत्सवाची तयारी)

खरी गोष्ट इथं घडली. पेठेतल्या पोराला तालीम लागते, मंडळ लागतं, गडावर जायला सोबती लागतात. एकेकाळी शेकापचे ‘भाई’ या कट्ट्यांवर बसायचे. शेकापचे एन. डी. पाटील वयाच्या ऐंशीनंतरही टोलविरोधात रस्त्यावर उतरले, टोल घालवूनच थांबले. पण डावी चळवळ हळूहळू जयंती-पुण्यतिथीला आणि पत्रकांपुरती उरली. कट्टा रिकामा राहत नसतो. तिथं भगवी उपरणी आली, मोहिमा आल्या, व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप आले. वैचारिक वादात कुणी कुणाला हरवलं, असं म्हणणं धाडसाचं होईल. वाद झालाच कुठं?

इचलकरंजीत हे आधीच दिसलं होतं. यंत्रमाग कामगारांचं, लाल बावट्याच्या संपांचं गाव. तिथं भाजपचे सुरेश हाळवणकर 2009 ला आणि पुन्हा 2014 ला आमदार झाले.

तरी सगळंच विचारांवर घालू नये. कोल्हापुरात पक्षाआधी गट असतो. कारखाना, दूध संघ, जिल्हा बँक ज्याच्या हाती, त्याच्यामागं गावं. नेता सत्तेकडं सरकला की अख्खा गट सरकतो, आणि कालचे शाहू-फुले-आंबेडकर भाषणात तसेच राहतात.

(दृश्य: 2024 च्या प्रचारसभा)

जून 2024. लोकसभेला शाहू महाराजांच्याच घराण्यातले, काँग्रेसचे शाहू छत्रपती दीड लाखाहून अधिक मतांनी निवडून आले. सगळ्यांनी पुरोगामी कोल्हापूरचा जयजयकार केला. नोव्हेंबरात जिल्ह्यातल्या दहाही विधानसभा महायुती आणि तिच्या सोबत्यांकडं गेल्या. मधल्या पाच महिन्यांत लाडक्या बहिणीच्या खात्यात 1500 रुपये जमा होऊ लागले होते. कोल्हापूर उत्तरमध्ये तर काँग्रेसच्या अधिकृत उमेदवार मधुरिमाराजे यांनी शेवटच्या क्षणी अर्ज मागं घेतला, आणि यंत्रावर ‘हात’ हे चिन्हच उरलं नाही.

करवीरचे पी. एन. पाटील हयातभर काँग्रेसमध्ये राहिले. मे 2024 मध्ये ते गेले. मुलगा राहुल पाटील काँग्रेसकडून लढले, थोडक्यात पडले आणि पुढच्याच वर्षी अजित पवारांच्या राष्ट्रवादीत दाखल झाले. गट सोबत होताच.