नऊ इंचांचे पाते

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या घरात विळी असते, सुरी असते, जुन्या वळणाच्या घरात अडकित्ता असतो आणि कोकणातल्या घरात पडवीत अडकवलेली कोयतीही असते. यांपैकी कशासाठीही आपण कधी परवाना काढलेला नाही आणि काढण्याचे कारणही नाही. मात्र यातलीच एखादी वस्तू पिशवीत घालून आपण रस्त्यावर आलो, की कायदा तिच्याकडे कसा पाहतो, हा आजचा विषय आहे.

1959 च्या शस्त्र अधिनियमाने धारदार हत्यारांना शस्त्र मानले आहे. पण निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी घडवलेल्या वस्तू त्याच व्याख्येतून वगळल्या आहेत. या अधिनियमाखालच्या नियमांत शस्त्रांचे वर्ग पाडलेले असून पाचव्या वर्गात तलवार, खंजीर, भाला यांच्या जोडीने 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात. सरकारने अधिसूचना काढलेल्या प्रदेशात असे शस्त्र विनापरवाना बाळगल्यास एक ते तीन वर्षांची कैद आणि दंड होऊ शकतो. पुन्हा सांगतो, नऊ इंच लांबी किंवा दोन इंच रुंदी. आणि हेही पुन्हा सांगतो, की हे माप शस्त्राचे आहे, अवजाराचे नाही.

या दोन वाक्यांतला फरक मला कळला तो आमच्या गावच्या एका आजोबांमुळे. सिंधुदुर्गातले हे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले, गुडघ्यांनी दगा दिलेला, म्हणून हातात काठी. त्यांच्या मेव्हण्याची वसईला नारळाची वाडी आहे. त्याच्यासाठी त्यांनी गावच्या लोहाराकडून ट्रकच्या कमानीच्या पट्टीची नवी कोयती घडवून घेतली. (बाजारातल्या चकचकीत स्टीलच्या सुऱ्या महिन्याभरात बोथट होतात आणि तरीही आपण त्या हौसेने घेतो, याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे; लोहाराची धार ती लोहाराचीच.) कोयती वर्तमानपत्रात गुंडाळून, कापडी पिशवीत घालून, तिची मूठ बाहेर डोकावत असताना आजोबा एसटीत बसले. दिवस निवडणुकीचे होते. वाटेत एका स्थानकावर पोलिसांनी गाडी थांबवून सामान तपासायला सुरुवात केली आणि एका तरुण हवालदाराची नजर त्या मुठीवर गेली.

त्याने कोयती बाहेर काढली, वितीने पाते मोजले आणि हे नऊ इंचांहून अधिक आहे, असे जाहीर केले. सगळी गाडी गप्प झाली. आजोबा मात्र शांतपणे म्हणाले, "साहेबानू, ह्या कोयतीन माणसां नाय, चुडतां तोडतत." चुडतां म्हणजे नारळाच्या झावळ्या. हवालदाराचे समाधान झाले नाही. त्याने आजोबांना खाली उतरवून टेबलाशी बसलेल्या अधिकाऱ्यांकडे नेले. अधिकारी वयस्क होते. त्यांनी कोयती उलटसुलट करून पाहिली आणि हवालदाराला सांगितले, की हे शेतीचे अवजार आहे, याला नऊ इंचांचा नियम लावता येत नाही. आजोबांनी विजयी मुद्रेने गाडीकडे पाहिले. पण अधिकाऱ्यांचे बोलणे संपले नव्हते. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या 37 व्या कलमाखालचा आदेश लागू आहे, असे त्यांनी सांगितले. त्या आदेशाला अवजार आणि शस्त्र हा भेद ठाऊक नाही, इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू सार्वजनिक जागी जवळ बाळगायला त्यात मनाई आहे, मग ती सुरी असो, दगड असो किंवा काठी असो.

काठी हा शब्द ऐकताच हवालदाराने आजोबांच्या हाताकडे पाहिले. आजोबांनीही पाहिले. कोयती सुटते आणि काठी अडकते, असा तो विचित्र क्षण होता. अधिकारी हसू आवरत म्हणाले, की वयामुळे किंवा अपंगत्वामुळे ज्यांना काठीवाचून चालता येत नाही, त्यांना या आदेशात सूट दिलेली आहे. मग प्रश्न उरला कोयतीचा. अधिकाऱ्यांनी आजोबांचे नाव, गाव आणि मेव्हण्याचा पत्ता लिहून घेतला, कुठून तरी गोणपाट मागवला, दाभणाने त्यात कोयती शिवून टाकायला लावली आणि ते गाठोडे वाहकाच्या देखत गाडीच्या डिकीत ठेवून दिले. वसईला पोहोचल्यावर मेव्हण्याला ती शिवण उसवायला अर्धा तास लागला, असे आजोबा अजून रंगवून सांगतात, आणि दर वेळी तो अर्धा तास थोडा वाढतो.

श्रोतेहो, तेव्हा कायदे दोन आहेत, हे लक्षात असू द्या. एक शस्त्र अधिनियम, जो वस्तू कशासाठी घडवली ते विचारतो. दुसरा पोलीस अधिनियमाखालचा आदेश, जो ठरावीक मुदतीपुरता असतो आणि ती वस्तू आत्ता, या ठिकाणी, तुमच्या हातात का आहे ते विचारतो. आयुक्तालयाच्या हद्दीत हा आदेश पोलीस आयुक्त काढतात, अन्यत्र जिल्हा दंडाधिकारी. सण, मोर्चे आणि निवडणुका यांच्या काळात तो काढला जातो, आणि तो मोडल्यास त्याच अधिनियमाच्या 135 व्या कलमाखाली गुन्हा दाखल होतो. असे आदेश सूचनाफलकावर इतक्या बारीक अक्षरांत का चिकटवतात, हे मला कधीच उमगलेले नाही.

परगावी जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दिल्लीत 1980 च्या अधिसूचनेप्रमाणे बटनाने किंवा स्प्रिंगने उघडणारा चाकू 7.62 सेंटिमीटर लांब आणि 1.72 सेंटिमीटर रुंद पात्यापासूनच बंदीच्या कक्षेत येतो. म्हणजे तिथे नऊ इंचांचा हिशेब उपयोगाचा नाही. शीख बांधवांच्या कृपाणाची गोष्ट निराळी आहे. संविधानाच्या 25 व्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात कृपाण धारण करणे हा त्यांच्या धर्मपालनाचा भाग मानला आहे, त्यामुळे नांदेडला गुरुद्वाराच्या परिसरात कमरेला कृपाण लावलेले भाविक दिसले तर त्यात बेकायदा काही नाही.

विमानाने जाणार असाल, तर सुरी, विळी, अडकित्ता असे काहीही हातातल्या पिशवीत ठेवू नका. ते नीट गुंडाळून विमान कंपनीकडे सोपवायच्या सामानात घाला.