टेम्पररी फाईलचं नाव मागू नका, फाईल मागा

नमस्कार मंडळी. मागे ड्रिलचा आवाज येतोय, तो वरच्या मजल्यावरचा आहे. गेले तीन आठवडे त्यांच्याकडे टाइल्स बदलतायत. थांबलो असतो तर हा व्हिडिओ गणपतीपर्यंत आला नसता, त्यामुळे ड्रिलसकट ऐका.

आजचा विषय तुम्हीच माझ्या माथी मारलाय. आपण सी भाषेत जी छोटी लायब्ररी लिहितोय, लिनक्स, मॅक, विंडोज तिन्हीकडे चालणारी, तिच्या मागच्या भागाखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय: ‘दादा, टेम्पररी फाईलचं नाव देणारं फंक्शन राहिलं का?’ नाही राहिलं. मुद्दाम दिलं नाही. एका ताईंनी तर ते लिहूनही पाठवलं, बारा ओळींत. कोड सुबक आहे. तरीही नाही घेणार. का, ते सांगतो.

प्राथमिक गोष्टी पटकन. प्रोग्रॅमला मधल्यामध्ये काहीतरी ठेवायला जागा लागते, काम झालं की पुसायचं असतं. युनिक्सवर ही जागा बहुतेक वेळा स्लॅश टेम्प. विंडोजवर युझरच्या फोल्डरमध्ये कुठेतरी खोल. एवढं सगळ्यांना माहीत आहे, पुढे चला.

आता सी भाषेत 1989 च्या स्टँडर्डपासून टेम्पनॅम (tmpnam) नावाचं फंक्शन आहे. स्पेलिंग स्क्रीनवर बघा. ते तुम्हाला एक नाव देतं आणि सांगतं, या नावाची फाईल सध्या नाहीये. बस्स, एवढंच. फाईल बनवत नाही. ती तुम्ही बनवायची, नंतर, तुमच्या सवडीने.

त्या ‘सध्या’वर माझा राग आहे.

डोंबिवलीवरून सकाळची सीएसएमटी फास्ट पकडणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. गाडी शिरतेय, आत आधीच चढलेला तुमचा मित्र खिडकीतून ओरडतो, ‘तिसरी सीट रिकामी आहे रे!’ खरंच आहे, तो खोटं बोलत नाहीये. पण तुम्ही दारातून आत घुसेपर्यंत तिथे कोणीतरी मांडी घालून बसलेला असतो, पेपर उघडून. मित्राने दिलेली माहिती बरोबर होती, फक्त उपयोगाची नव्हती. टेम्पनॅम म्हणजे तो मित्र. बघणं आणि बसणं यांच्यामध्ये जी फट आहे, त्या फटीत दुसरा प्रोसेस, म्हणजे चालू असलेला दुसरा प्रोग्रॅम, घुसतो.

आणि घुसणारा नेहमी साधाभोळा असतो असंही नाही. स्लॅश टेम्पमध्ये कोणीही फाईल बनवू शकतो. स्टिकी बिट या फोल्डरवरच्या खुणेमुळे दुसऱ्याची फाईल पुसता येत नाही, पण तुमच्या आधी त्या नावाने सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाईलकडे बोट दाखवणारी लिंक, ठेवायला कोण अडवतोय? मग तुमचा प्रोग्रॅम त्या लिंकमागून जाऊ शकतो आणि भलत्याच फाईलवर लिहून येऊ शकतो. प्रोग्रॅम रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युझर, म्हणून चालत असेल तर मग विचारूच नका.

उपाय काय? बघायचंच नाही, थेट बूड टेकवायचं. ओपन करताना ओ-क्रिएट आणि ओ-एक्सक्ल हे दोन फ्लॅग एकत्र द्या. म्हणजे कर्नलला, सिस्टिमच्या गाभ्याला, सांगितलंत: बनव, आणि आधीपासून असेल तर नापास कर. सिमलिंक असली तरी नापास. बघणं आणि बसणं एकाच हालचालीत. नापास झालं तर दुसरं नाव घ्या, परत प्रयत्न करा. एमकेएसटेम्प हे तयार फंक्शन हेच करतं: तुम्ही दिलेल्या नावाच्या शेवटच्या सहा एक्सच्या जागी अक्षरं भरतं, फाईल 0600 परवानगीने (वाचणं-लिहिणं फक्त मालकाला) उघडतं आणि उघडा डिस्क्रिप्टर, म्हणजे त्या उघड्या फाईलचा नंबर, तुमच्या हातात देतं. लिनक्सच्या ग्लिबसी या सी लायब्ररीमध्ये 62 अक्षरांतून निवड होते, म्हणजे सहा जागांत सुमारे 5,680 कोटी नावं. विंडोजवर क्रिएटफाईलला क्रिएट-न्यू दिलं की तोच परिणाम.

(कमेंट स्क्रीनवर) मागच्या लाइव्हमध्ये एकाने विचारलं होतं, ‘रुमाल टाकला तर?’ तुम्ही हसलात, पण प्रश्न चोख आहे. रुमाल म्हणजे लॉक फाईल. किंवा एफलॉक, फाईलला कुलूप लावणारं फंक्शन. लिनक्सवर हे लॉक मानण्यावर असतात. रुमाल बघून उभे राहणारे लोक डब्यात असतील तरच रुमाल चालतो. एखादा नवखा रुमाल उचलून खिडकीच्या हुकाला टांगतो आणि बसतो. रुमालावरून खाली चाळीस कमेंट्सचं भांडण झालंय, फर्स्ट क्लासमध्ये चालतो का इथपर्यंत गेलंय. मी त्यात पडत नाही.

बरं, काही जण म्हणतात, आम्ही नाव इतकं वेगळं बनवतो की टक्कर होणारच नाही. त्यात प्रोसेस आयडी, म्हणजे प्रोसेसचा नंबर, घालतो! हे ऐकलं की मला माझी अंधेरीची नोकरी आठवते. कंपनीचं नाव सोडा. ग्राहकांचे रिपोर्ट बनवणारा प्रोग्रॅम होता, फाईलच्या नावात प्रोसेस आयडी. वर्षानुवर्षं नीट चालला. मग कोणीतरी तो कंटेनरमध्ये, म्हणजे स्वतःचे वेगळे प्रोसेस नंबर असलेल्या बंद डब्यात, टाकला. मीच टाकला. कंटेनरमध्ये पहिला प्रोसेस कोणता? एक नंबरचा. दोन कंटेनर, दोघांचा प्रोसेस आयडी एक, आणि टेम्प फोल्डर मी दोघांना एकच जोडलेला. एका ग्राहकाच्या रिपोर्टमध्ये दुसऱ्याची पानं. शुक्रवारी संध्याकाळी कळलं, साडेदहापर्यंत ऑफिसात होतो, कॅन्टीन बंद, खालच्या गाडीवरचा गार वडापाव खाऊन लॉग वाचत होतो. नाव वेगळं आहे हे आपण मानलेलं असतं. ओ-एक्सक्ल असता तर दुसरा प्रोसेस पहिल्याच मिनिटाला नापास झाला असता आणि मी आठच्या गाडीला असतो.

रँडम नंबरवालेही फार खूश होऊ नका. फोर्क केल्यावर, म्हणजे प्रोसेसने स्वतःची प्रत काढल्यावर, मुलाकडे बापाच्या रँडम जनरेटरची जशीच्या तशी अवस्था जाते. दोघं तेच ‘रँडम’ नाव काढतात. नाव कितीही हुशारीने काढा, शेवटी फाईल बनवतानाच खरं काय ते कळतं.

आता तिसऱ्या बाजूने तेच. पुसणं. युनिक्सवर एक सुंदर सोय आहे: फाईल उघडा आणि लगेच तिचं नाव अनलिंक करून टाका. नाव गेलं, फाईल जिवंत. डिस्क्रिप्टर बंद झाला, किंवा प्रोग्रॅम कोसळला, की जागा आपोआप मोकळी. कचरा उरतच नाही. लिनक्सने 3.11 कर्नलपासून ओ-टेम्पफाईल देऊन हे आणखी सोपं केलं, तिथे फाईलला जन्मतःच नाव नसतं. विंडोजवर उघडी फाईल अशी सहज पुसता येत नाही. तिथे उघडतानाच सांगावं लागतं: डिलीट-ऑन-क्लोज. बघा हां, उघडतानाच. म्हणजे फाईल लायब्ररीने उघडायला हवी. तुम्ही युझरला नाव दिलंत आणि त्याने स्वतः एफओपन केलं, तर ही सोय त्याला मिळालीच नाही. नाव देणारं फंक्शन तिन्ही सिस्टिमवर चालतं, कंपाइलही होतं, आणि तिन्हीकडची चांगली गोष्ट गमावून बसतं. असलं पोर्टेबल मला नको.

विंडोजचं स्वतःचं गेटटेम्पफाईलनेम आहे, ते क्रमांकाच्या जागी शून्य दिल्यावर फाईल बनवूनही देतं, मान्य. पण प्रिफिक्स तीन अक्षरांचा आणि क्रमांक 16 बिटचा. एका प्रिफिक्सला 65,535 फाईल झाल्या की खेळ खलास, आणि फोल्डर भरत आला की मोकळा नंबर शोधण्यातच वेळ जातो. साफसफाई न करणाऱ्या सर्व्हरवर हा आकडा वाटतो तितका लांब नाही.

आणि टेम्पनॅम वापरून लिनक्सवर प्रोग्रॅम लिंक करून बघा. जीएनयूचा लिंकर, कोडचे तुकडे जोडणारा प्रोग्रॅम, स्वतः सांगतो, हे धोकादायक आहे, एमकेएसटेम्प वापरा. वॉर्निंग वाचायची सवय नाहीये आपल्याला, तो वेगळा व्हिडिओ.

तर आपल्या लायब्ररीत एक फंक्शन: टेम्प_ओपन. देतं उघडी फाईल. नाव नाही.

‘पण मला बाहेरचा प्रोग्रॅम चालवायचाय, त्याला नावच लागतं!’ हो, लागतं. फॉन्ट कन्व्हर्टर, व्हिडिओ एन्कोडर, सगळ्यांना पाथ हवा असतो. त्यासाठी दुसरं फंक्शन: टेम्प_फोल्डर. आत एमकेडीटेम्प. ते 0700 परवानगीचा फोल्डर बनवून देतं. फक्त तुमचा. त्याच्या आत वाटेल ती नावं ठेवा, एक डॉट टीएक्सटी ठेवा, बाहेरच्या दुसऱ्या युझरला आत शिरताच येत नाही. सीट पकडण्यापेक्षा डबाच रिझर्व्ह केला म्हणा ना. पुसायची जबाबदारी मात्र तुमची, आणि प्रोग्रॅम मध्येच कोसळला तर फोल्डर उरणार. याला माझ्याकडे पोर्टेबल उत्तर नाही.

जागा कुठली घ्यायची? आधी टेम्पडिर हे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल बघा, नसेल तर स्लॅश टेम्प. मॅकवर ते प्रत्येक युझरला वेगळं मिळतं, व्हारच्या आत फोल्डर्समध्ये. अँड्रॉइडवर स्लॅश टेम्प धरून चालू नका, तिथे ॲपचा कॅश फोल्डर. सेटयूआयडी प्रोग्रॅम, म्हणजे चालवणाऱ्याच्या नव्हे तर मालकाच्या अधिकाराने चालणारा, असेल तर या व्हेरिएबलवर विश्वास ठेवू नका, ते चालवणाऱ्याच्या हातात असतं.

राहिली डेबियनवाल्यांची तक्रार. डेबियन 13 पासून स्लॅश टेम्प डीफॉल्टने मेमरीत असतो, टेम्पएफएसवर, आणि तुमचा सेव्ह कोड अचानक फुटला. मला तिघांनी एकच एरर पाठवली: ई-एक्स-डेव्ह, म्हणजे दोन वेगळ्या फाईलसिस्टिम. तुम्ही स्लॅश टेम्पमध्ये फाईल लिहिता आणि मग रिनेम करून होममध्ये नेता. रिनेम एका फाईलसिस्टिमच्या आतच होतो. आधी दोन्ही एकाच डिस्कवर होते म्हणून नशिबाने चालत होतं. डॉक्युमेंट सेव्ह करायचं असेल तर टेम्पररी फाईल त्याच फोल्डरमध्ये बनवा जिथे खरी फाईल आहे, लिहा, एफसिंक करा (म्हणजे डिस्कवर खरंच उतरवा), मग रिनेम. म्हणून टेम्प_ओपनची एक बहीण दिलीय, तिला फोल्डर सांगता येतो, आणि शेवटी ‘आता हे नाव दे’ म्हणता येतं. नाव शेवटी, फाईल तयार झाल्यावर. विंडोजवर त्यासाठी मूव्हफाईलईएक्सला रिप्लेस-एक्झिस्टिंगचा फ्लॅग लागतो, तो आत घातलाय.

ताई, तुमच्या बारा ओळींतल्या सात मी टेम्प_ओपनच्या आत घेतल्यात, अक्षरं निवडणाऱ्या. बाकीच्या पाच, ज्या नाव परत करतात, त्या काढल्या. चालेल ना? ड्रिल थांबलंय बघा. आता चहा घेतील, मग परत सुरू.