बार रूममध्ये वाचला जाणारा कागद

नमस्कार मंडळी.

गोदाकाठी न्यायालयांविषयी बोलायचं म्हटलं की निफाड आठवतंच. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८४२ साली निफाडला जन्मले आणि १८७८ मध्ये न्यायाधीश म्हणून बदलून नाशिकलाच आले. ते १८६२ साली मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या तुकडीत बी.ए. झाले, १८६६ साली एलएल.बी. झाले. दीडशे वर्षांपूर्वीच्या न्यायाधीशाचं शिक्षण आपल्याला तोंडपाठ आहे. मात्र उद्या नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या आपल्या जिल्हा न्यायालयात ज्यांच्यासमोर तुमची तारीख आहे, ते कुठे शिकले, आधी काय करत होते, हे किती जणांना सांगता येईल?

दिंडोरीकडचे एक शेतकरी माझे पक्षकार होते. भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याचा दावा होता. मध्येच न्यायाधीश बदलले. कोर्टाबाहेरच्या बाकावर बसून त्यांनी हळूच विचारलं, "वकीलसाहेब, हे नवे साहेब आधी सरकारी वकील होते का हो?" मी त्यांना गप्प केलं. म्हटलं, काका, असं विचारू नये.

त्या रात्री मला झोप लागली नाही. प्रश्न रास्त होता, कारण दावाच सरकारविरुद्ध होता. शिवाय मला उत्तर ठाऊक होतं! आदल्याच आठवड्यात बार रूममध्ये, म्हणजे आपल्या वकिलांच्या खोलीत, नव्या साहेबांचा स्वागत समारंभ झाला होता आणि त्यांचा परिचय वाचून दाखवला होता: पदवी कुठली, वकिली कुठे केली, आधी कोणत्या तालुक्यांत होते. सरकारी वकिली त्यांनी कधीच केली नव्हती. एवढं सांगितलं असतं तर त्या माणसाचा जीव भांड्यात पडला असता.

म्हणजे ही माहिती गुप्त नाही. ती वकिलांना चहाबरोबर मिळते आणि बाहेर बाकावर बसलेल्याला मिळत नाही. माझी तक्रार एवढीच आहे.

असं विचारणं हा न्यायालयाचा अवमान आहे, असं अनेकांना वाटतं. अहो, पात्रता राज्यघटनेनेच ठरवून दिली आहे. अनुच्छेद २१७ प्रमाणे उच्च न्यायालयासाठी दहा वर्षं न्यायिक पद किंवा उच्च न्यायालयातली दहा वर्षांची वकिली लागते. वकिलातून थेट जिल्हा न्यायाधीश व्हायचं तर अनुच्छेद २३३ नुसार सात वर्षांची वकिली हवी. अट जाहीर असेल, तर ती कशी पूर्ण झाली हेही जाहीर असायला हवं.

ते नसलं की काय होतं, हे १९९२ च्या कुमार पद्म प्रसाद खटल्यात दिसलं. मिझोराम सरकारच्या कायदा खात्यातल्या एका अधिकाऱ्याची गुवाहाटी उच्च न्यायालयावर नेमणूक झाली. सल्लामसलत झाली, राष्ट्रपतींच्या सहीचं अधिपत्र निघालं, फक्त शपथ उरली होती. तेव्हा एका वकिलाने आव्हान दिलं. या गृहस्थांची दहा वर्षांची वकिली नव्हती, आणि सरकारच्या हाताखालची त्यांची पदं न्यायिक पदं ठरत नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने नेमणूक रद्द केली. दिल्लीपर्यंतच्या सगळ्या टेबलांवरून सुटलेली गोष्ट बाहेरच्या माणसामुळे सापडली, कारण त्याला त्यांची कारकीर्द माहीत होती.

वरच्या पातळीवर दारं थोडी उघडली आहेत, हे मोकळेपणाने मान्य करतो. २०१७ पासून कॉलेजियमचे, म्हणजे नेमणुकांसाठी नावं सुचवणाऱ्या ज्येष्ठ न्यायाधीशांच्या मंडळाचे, ठराव संकेतस्थळावर येऊ लागले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमणुकांचा तपशील मांडला; त्यात उमेदवार वकिलीतून आला की न्यायिक सेवेतून, आजी-माजी न्यायाधीशांशी त्याचं नातं आहे का, हेही होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचे परिचयही वाचायला मिळतात. पण सामान्य माणसाचा वाटणीचा दावा, धनादेशाचा खटला, पोटगी हे सगळं तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टातच चालतं. तिथे नाव, पदनाम आणि कोर्ट हॉलचा क्रमांक यापुढे फारसं काही सापडत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालानंतर आमदारकीच्या उमेदवाराला शिक्षण शपथपत्रात लिहावं लागतं. अमेरिकेत १७८९ पासूनच्या संघीय न्यायाधीशांचं शिक्षण आणि कारकीर्द एका सरकारी सूचीत कुणालाही पाहता येते.

न्यायाधीशांच्या घरचा पत्ता, मुलांची शाळा, आजारपण यातलं काहीही मला नको. त्यांची सुरक्षितता मोलाची आहे. गुणपत्रिकाही नको. पदवी, संस्था, वर्ष, वकिलीचा काळ आणि क्षेत्र, आधीच्या नेमणुका, एवढं पुरे.

"मग माहिती अधिकारात अर्ज करा की," असं कुणी म्हणेल. पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ), म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारण्याचं कलम, बदललं. वैयक्तिक माहितीही व्यापक जनहितासाठी देता येईल, ही त्यातली वाट काढून टाकली. कलम ८(२) मधली जनहिताची तरतूद शिल्लक आहे, पण त्या शेतकऱ्याने प्रत्येक तारखेआधी अर्ज आणि अपील करत बसायचं का?

त्यापेक्षा आपल्या वकील मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. स्वागत समारंभात वाचतो तो परिचयाचा कागद आपल्याकडे असतोच. साहेबांना विचारून त्याची एक प्रत बाहेर, रोजचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांची यादी, लागतो त्याच्या शेजारी, लावू या.