तीन चादरी वाऱ्यावर

ही आमच्या गच्चीवरची चादर. दोरीवर तीन चिमट्यांनी अडकवलीये, त्यातला एक आत्ता काढला. बघून ठेवा, परत येऊ हिच्याकडे.

शाळेत इंग्रजीच्या पेपरात ईडियम्स यायच्या, अर्थ पाठ, वाक्यात उपयोग पण पाठ, मार्क मिळाले की विषय संपला. 'थ्री शीट्स टू द विंड' म्हणजे दारू पिऊन तर्र. आता तीन चादरींचा आणि दारूचा काय संबंध हे वर्गात कोणीच विचारलं नाही, मी पण नाही.

उत्तर सापडतं ते इथे, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, हार्टलपूलच्या जुन्या गोदीत. हिचं नाव एचएमएस ट्रिंकोमाली. अजून पाण्यावर तरंगणारी ब्रिटिशांची सगळ्यात जुनी युद्धनौका, आणि बांधलीये कुठे, तर आपल्या मुंबईत! नेपोलियनच्या लढायांनी तिकडे ओकचा तुटवडा झाला होता, मग मलबारचा साग आला आणि काम आलं जमशेटजी बोमनजी वाडियांकडे. गंमत म्हणजे जहाजाचे नकाशे ज्या 'जावा' नौकेवरून निघाले होते ती 1812 मध्ये अमेरिकनांनी वाटेतच संपवली, मग नकाशे दुसऱ्यांदा पाठवायला लागले. बांधणी सुरू करताना पारशी रिवाजाप्रमाणे तळाच्या मुख्य तुळईत चांदीचा खिळा ठोकला आणि 12 ऑक्टोबर 1817 ला ही पाण्यात उतरली. हा साग जवळून बघा. दोनशे वर्षं झाली याला.

हे दोन जाडजूड खुंट. यांना म्हणतात 'बिट्स'. नांगराच्या दोराला अशा खुंटांभोवती वेढे द्यायचे, आणि 1627 मध्ये कॅप्टन जॉन स्मिथने खलाशांसाठी पुस्तक लिहिलं त्यात दोराचा जो भाग जहाजातच राहतो त्याला 'बिटर्स एंड' म्हटलंय. दोर सोडत सोडत तिथपर्यंत आलात की संपलं, पुढे सोडायला काही नाही. म्हणजे 'टू द बिटर एंड', अगदी शेवटपर्यंत, या ईडियममधला बिटर मुळात कडू नसावा, कडूपणा लोकांनी नंतर आपल्या मनाने घातला असणार.

आता मान वर करा. डोलकाठीला ही आडवी लाकडं, म्हणजे परबाणं, त्यांना चौकोनी शिडं लागायची. वारा मागून आला की शीड फुगतं, जहाज पळतं. पण अचानक समोरून आला तर तेच शीड उलटं डोलकाठीवर दाबलं जातं आणि जहाज जागच्या जागी थबकतं, कधी मागेसुद्धा रेटलं जातं. हेच 'टेकन अबॅक'. आपण म्हणतो ना, अवाक झालो, तसंच, फक्त इथे अख्खं जहाज अवाक.

पुढे वाफेची इंजिनं आली, दोर गेले, दोर ओढणारे गेले, शब्द तेवढे राहिले.

आणि शीट? शीट म्हणजे शीड नाही, चादर तर नाहीच नाही. शिडाचा खालचा कोपरा ज्याने ताणून धरतात तो दोर म्हणजे शीट. असे तीन दोर सुटून वाऱ्यावर उडायला लागले की शिडं नुसती फडफडतात आणि जहाज झिंगल्यासारखं डुलतं. खलाशी तर आधी 'इन द विंड' असंच म्हणायचे.

आता गच्चीवर. दुसरा चिमटा काढतोय... चादर बघा कशी हेलपाटतीये.

तिसरा.

गेली शेजारच्या काकूंच्या गच्चीवर.